मित्राचं सुतक कुणी पाळायचं?

दिवाळीच्या सुट्टीत उदगीरला कॉलेजच्या एखाद्या जुन्या बॅचचा मेळावा भरतो, तेव्हा कार्यक्रमाचा क्रम बहुतेक ठरलेलाच असतो. दीपप्रज्वलन होतं, निवृत्त प्राध्यापकांना शाल-श्रीफळ दिलं जातं. मग सूत्रसंचालन करणारा वर्गमित्र आवाज जरा खाली आणून म्हणतो, "आपल्यातून निघून गेलेल्या मित्रांना दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या." खुर्च्या सरकतात. कुणाचा तरी मोबाइल वाजतो आणि घाईनं बंद होतो. ती दोन मिनिटं सहसा चाळीस-पन्नास सेकंदांतच संपतात. मग सगळे बसतात, एकेक जण उठून ओळख करून देतो, हसण्याचे आवाज वाढत जातात.

अशा गर्दीत एखादा मात्र जेवणाचं ताट हातात घेऊन बराच वेळ तसाच उभा असतो. बॅनरच्या कोपऱ्यात लावलेला तो पासपोर्ट आकाराचा फोटो त्याच्या खोलीतल्या जोडीदाराचा असतो. दोघांनी तीन वर्षं एका खोलीत काढलेली असतात, एका स्टोव्हवर खिचडी शिजवलेली असते, परीक्षेच्या आदल्या रात्री एकाच वहीवर अभ्यास केलेला असतो. मित्राला जाऊन वीस वर्षं झाली, तरी फोटो दिसला की छातीत काहीतरी आवळतं. बायकोला सांगावं तर तिनं त्याला कधी पाहिलेलंच नाही. आणि कुणाजवळ बोललंच, तर उत्तर येतं, "आता किती वर्षं झाली त्याला!" मग तो स्वतःचीच समजूत घालतो, की आपण काही त्याचे सख्खे भाऊ नव्हतो.

अडचण नेमकी इथे आहे. तरुण वयात गेलेल्या मित्राचं दुःख मोठं असतं, पण ते ठेवायला जागा नसते. गेल्या तीन-चार दशकांत मानसशास्त्र, मेंदूविज्ञान आणि हृदयविकारशास्त्र यांनी दुःखाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं. त्यातून एक साधी गोष्ट पुढे येते. हे दुःख खरं असतं, ते शरीरावरही उमटतं आणि त्याला जागा मिळाली तर ते सोसायला सोपं जातं.

यादीत नसलेला माणूस

आपल्याकडे मरणानंतर कुणी काय करायचं, हे नात्यावरून ठरतं. सुतक कुणाला किती दिवस, अग्नी कुणी द्यायचा, दहाव्याला कुणी बसायचं, सगळं ठरलेलं असतं. मुस्लिम घरात पत्नीची इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. लिंगायत आणि बौद्ध घरांतले विधी आणखी वेगळे. उदगीरसारख्या मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार भाषा कानावर पडणाऱ्या गावात या सगळ्या रीती शेजारी-शेजारी नांदतात. पण बहुतेक सगळीकडे हिशेब रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्याचाच असतो. महालयातल्या तर्पणात नातलगांची नावं संपल्यावर गुरू आणि मित्रांचंही स्मरण करण्याची रीत आहे. परंपरेनं मित्राला दिलेली ती एक छोटी जागा. एरवी मित्र यादीत नसतो.

कामात मात्र तो सगळ्यांच्या पुढे असतो. दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्र काढणं, रक्ताच्या पिशवीसाठी धावपळ करणं, रुग्णवाहिकेच्या मागे मोटारसायकल घेऊन येणं, बांबू आणि मडकं आणणं, पाहुण्यांना स्टँडवरून घरी पोहोचवणं, हे सारं मित्रच करतात. दुसऱ्या दिवशी त्यांना दुकान उघडावं लागतं, शाळेत तास घ्यावे लागतात. त्यांना भेटायला कुणी येत नाही. रजेच्या अर्जात "मित्राचे निधन" असं लिहिलं, तर ते कारण किरकोळ रजेतच जातं.

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये या प्रकारच्या दुःखाची मांडणी केली. मराठीत त्याला 'मान्यता न मिळालेलं दुःख' म्हणता येईल. ज्या नुकसानीची समाज उघडपणे दखल घेत नाही, ज्याबद्दल रडण्याचा हक्क माणसाला दिला जात नाही, ते हे दुःख. यात दुखावलेला माणूस एकाच वेळी दोन ओझी वाहतो. एक गेलेल्याचं आणि दुसरं, आपल्याला इतकं वाईट वाटतंय हेच चुकीचं आहे की काय, या शंकेचं.

ही शंका किती निराधार आहे, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं. त्यात २६,५१५ लोकांची वर्षानुवर्षं गोळा केलेली माहिती तपासली गेली. त्यांतल्या ९,५८६ जणांनी कधी ना कधी जवळचा मित्र किंवा मैत्रीण गमावली होती. अशा लोकांचं शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्य, तसंच लोकांमध्ये मिसळणं मित्राच्या मृत्यूनंतर चार वर्षांपर्यंत खालावलेलं आढळलं. स्त्रियांमध्ये हा परिणाम अधिक होता. ज्यांचं लोकांत येणं-जाणं मुळातच कमी होतं, त्यांना सावरायला अधिक जड गेलं. चार वर्षं म्हणजे पदवीच्या अभ्यासक्रमापेक्षाही मोठा काळ.

छातीत आवळतं, ते खरंच

"काळजात कळ उठली" असं आपण सहज म्हणतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका येऊन वाचलेल्या जवळपास दोन हजार रुग्णांना विचारलं, की अलीकडे तुमच्या जवळचं कुणी गेलं का? 'जवळचं' म्हणजे फक्त नातेवाईक नव्हे, जिवाभावाचे मित्रही त्यात धरले होते. जवळचं माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत झटक्याचा धोका एरवीपेक्षा सुमारे २१ पट वाढलेला दिसला आणि पुढच्या दिवसांत तो हळूहळू उतरत गेला. निरोगी तरुणाच्या बाबतीत मुळातला धोकाच फार कमी असतो, त्यामुळे २१ पट या आकड्यानं घाबरून जायचं कारण नाही. पण ज्याला आधीच रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, त्यानं त्या दिवसांत गोळ्या चुकवू नयेत, उपाशी राहू नये, सलग जागरण करू नये. छातीत दुखलं, घाम फुटला, धाप लागली, तर "टेन्शनमुळे असेल" म्हणून घरी थांबू नये.

यामागचं कारण शरीरातच असतं. धक्का बसला की ताणाची संप्रेरकं वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो, झोप मोडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास तर एका वेगळ्याच विकाराचं वर्णन केलं. त्यात तीव्र भावनिक धक्क्यानंतर हृदयाचा खालचा भाग फुगतो आणि काही काळ नीट आकुंचन पावत नाही. हृदयाचा आकार ऑक्टोपस पकडायच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्याला त्या मडक्याचं, 'ताकोत्सुबो' असं नाव पडलं. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, पण सुरुवातीची लक्षणं हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असल्यानं दवाखान्यात जाणं आवश्यकच असतं.

कॉलेजचीच वर्षं का?

मित्र आयुष्यात पुढेही होतात. नोकरीत होतात, शेजारी होतात. मग कॉलेजातला मित्र गेल्याचं इतकं का लागतं?

स्मरणशक्तीच्या अभ्यासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. पन्नाशी-साठीतल्या माणसाला आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण वयाच्या दहा ते तीस या काळातले प्रसंग प्रमाणापेक्षा जास्त येतात. आलेख काढला, तर त्या वर्षांवर उंचवटा दिसतो. त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि 'मी कोण' याचं उत्तरही तेव्हाच तयार होत असतं. त्यामुळे त्या काळच्या आठवणी घट्ट बसतात.

उदगीरच्या कॉलेजांत हे सहज समजतं. जळकोट, देवणी, मुखेड, देगलूरकडच्या वाड्या-तांड्यांवरून सतरा-अठराव्या वर्षी पोरं इथं येतात. पहिल्यांदा घराबाहेर राहतात. पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पैशांचा हिशेब ठेवतात. महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालय १९६२ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून किती पिढ्यांनी हे अनुभवलं आहे. ज्यांची पदवी जुनी, त्यांच्या कागदावर औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचा शिक्का आहे. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाल्यावर पुढच्या बॅचच्या कागदांवर त्याचा शिक्का आला. शिक्का बदलला, पण किल्ल्याच्या भिंतीवर बसून केलेल्या गप्पा, महिनाअखेरीची उसनवारी आणि एकमेकांची गुपितं तीच राहिली.

त्या गुपितांचा साक्षीदार गेला, की आपल्या आयुष्याचा तेवढा तुकडा एकट्याच्या हवाली होतो. "तुला आठवतं का रे?" असं विचारायला कुणी उरत नाही.

मेंदूही मित्र गेल्याचं लगेच मान्य करत नाही. २००८ मध्ये मेरी-फ्रान्सेस ओ'कॉनर आणि सहकाऱ्यांनी आई किंवा बहीण गमावलेल्या स्त्रियांच्या मेंदूची चित्रं घेतली. ज्यांचं दुःख अडकून राहिलं होतं, त्यांना गेलेल्या माणसाचा फोटो आणि त्याच्याशी निगडित शब्द दाखवल्यावर वेदनेच्या भागांबरोबरच बक्षिसाची, ओढीची जाणीव देणारा भागही जागा झाला. अभ्यास लहान होता, पण रोजच्या अनुभवाशी जुळणारा आहे. माणूस गेलाय हे कळतं आणि तरी मेंदूचा एक कोपरा त्याची वाट पाहत राहतो. म्हणूनच मोबाइलमधला त्याचा नंबर वर्षानुवर्षं खोडवत नाही.

डेक्कन कॉलेजातले दोघे

मराठी माणसाला ठाऊक असलेली अशी एक मैत्री आहे. एक जण १४ जुलै १८५६ ला कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात जन्मला, दुसरा नऊ दिवसांनी, २३ जुलैला रत्नागिरीत. गोपाळ गणेश आगरकर आणि बाळ गंगाधर टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भेटले. सरकारी नोकरी न करता देशाच्या शिक्षणासाठी आयुष्य द्यायचं, हे त्यांनी विद्यार्थिदशेतच ठरवलं. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं, १८८१ मध्ये 'केसरी' निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूरच्या दिवाणांवरच्या लिखाणाबद्दल १८८२ मध्ये दोघांना शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस एकत्र काढले.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. आधी समाजसुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, यावर मतभेद वाढले. संस्थेच्या कारभारावरूनही खटके उडाले. आगरकरांनी 'केसरी' सोडून १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला. एकेकाळी एका कोठडीत राहिलेले दोघे एकमेकांवर वर्तमानपत्रांतून कडक टीका करू लागले.

आगरकरांना दम्याचा विकार होता. प्रकृती ढासळत असतानाही ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य म्हणून काम करत होते. १७ जून १८९५ ला ते गेले. एकोणचाळीसावा वाढदिवस महिन्याभरावर होता. दुसऱ्याच दिवशीच्या 'केसरी'त टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला आणि त्यात जुन्या सहवासाची आठवण काढली. त्या मित्रमंडळातलं हे पहिलं मरणही नव्हतं. चिपळूणकर १८८२ मध्ये एकतिसाव्या वर्षी गेले होते आणि फर्ग्युसनचे आधीचे प्राचार्य वामन शिवराम आपटे १८९२ मध्ये पस्तिशीही न गाठता.

आरोग्याच्या बाजूनं या घटनेत दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली दम्याची. तेव्हा दम्यावर खात्रीचं औषध नव्हतं. खिशात मावणारा पहिला इनहेलर १९५६ मध्ये बाजारात आला आणि श्वासनलिकेची सूज कमी करणारी, श्वासातून घ्यायची स्टेरॉइड औषधं १९७० च्या दशकात आली. आज नियमित औषध घेणारा दमेकरी सर्वसाधारण आयुष्य जगू शकतो. तरीही "इनहेलरची सवय लागते" या गैरसमजापोटी कितीतरी जण तो बंद करतात. इनहेलरचं व्यसन लागत नाही. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये.

दुसरी गोष्ट भांडणाची. ज्या मित्राशी अबोला होता, तोच गेला तर दुःख सोपं होत नाही. उलट, बोलायचं राहून गेलेलं मागे लागतं. अपुरं राहिलेलं नातं दुःखाला अधिक अवघड करतं, असं अभ्यासकांना दिसलं आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या कुणाचाही असा एखादा अबोला शिल्लक असेल, तर फोन करायला मेळाव्याची वाट पाहण्याची गरज नाही.

पायऱ्या नसतात, हेलकावे असतात

"नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार" या दुःखाच्या पाच पायऱ्या अनेकांनी ऐकलेल्या असतात. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या क्रमानं चढाव्याच लागतात, असं संशोधनात आढळलेलं नाही. त्यामुळे "मला अजून राग कसा आला नाही?" किंवा "अजून स्वीकार का होत नाही?" असं स्वतःला तपासत बसण्यात अर्थ नाही.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये सुचवलेलं चित्र अधिक ओळखीचं वाटतं. माणूस दोन टोकांमध्ये हेलकावे खातो. कधी आठवणीत बुडतो, कधी कामाला लागतो. सकाळी मित्राच्या फोटोसमोर डोळे भरून येतात आणि संध्याकाळी तोच माणूस कट्ट्यावर विनोदावर हसतो. हे ढोंग नसतं. दोन्हीकडे जाता येणं, हेच सावरण्याचं लक्षण आहे.

गेलेल्याला विसरून 'पुढे जाणं' हीच बरं होण्याची खूण, असंही पूर्वी मानलं जाई. १९९६ मध्ये अभ्यासकांच्या एका गटानं याला उत्तर दिलं. अनेक माणसं गेलेल्याशी नातं तोडत नाहीत, त्याचं रूप बदलतात आणि ते सुदृढ असू शकतं. इंग्रज कवी टेनिसनचं उदाहरण इथं चपखल बसतं. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला त्याचा मित्र आर्थर हॅलम सप्टेंबर १८३३ मध्ये व्हिएन्नात अचानक गेला, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी. टेनिसन त्याच्यावर सतरा वर्षं कविता लिहीत राहिला आणि त्या १८५० मध्ये 'इन मेमोरियम' या नावानं प्रसिद्ध झाल्या. पुढे त्यानं आपल्या मुलाचं नावही हॅलम ठेवलं.

मदत कधी घ्यावी?

बहुतेकांचं दुःख वेळेबरोबर आणि माणसांच्या सोबतीनं सैल होतं. काहींचं होत नाही. सुमारे दहातल्या एकाचं दुःख अडकून राहतं, असा अंदाज २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत या अवस्थेला स्वतंत्र स्थान आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ रोजची तीव्र ओढ किंवा सतत तोच विचार, असह्य वेदना आणि त्यापायी काम, झोप, घर यांवर परिणाम, ही तिची मुख्य लक्षणं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत प्रौढांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. पुण्यतिथीला किंवा मेळाव्यात डोळे भरून येणं म्हणजे आजार नव्हे.

यावर खास समुपदेशन उपलब्ध आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हे समुपदेशन उपयोगी ठरलं. त्याला नैराश्याच्या गोळीची जोड दिल्यानं दुःखात वेगळा फरक पडला नाही, मात्र सोबत असलेल्या नैराश्याची लक्षणं कमी झाली. म्हणजे मेडिकलमधून झोपेची गोळी आणणं किंवा दारूत बुडवणं, हा या दुःखावरचा उपाय नाही.

तरुण मृत्यूंची कारणं पाहिली, तर ही गोष्ट आणखी महत्त्वाची ठरते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं गेली. त्यांतली जवळपास दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती. त्याच वर्षी १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद झाली, त्यांत १३ हजारांहून जास्त विद्यार्थी होते. अशा मरणात निरोप घ्यायला वेळ मिळत नाही. लातूर जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनानंतरची. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं झोपेतच गेली. सणाला गावी गेलेल्या वर्गमित्राची वाट पाहणारे बाक त्या वर्षी अनेक वर्गांनी पाहिले.

आत्महत्या झाली, की मित्रांच्या मनात एकच वाक्य फिरत राहतं. "त्या रात्री मी फोन उचलला असता तर." घटना घडून गेल्यावर तिच्या खुणा आधीच दिसत होत्या, असं मनाला वाटू लागतं. मानसशास्त्रानं १९७० च्या दशकापासून तपासलेला हा मनाचा भ्रम आहे. आज जे स्पष्ट दिसतं, ते तेव्हा तसं दिसत नव्हतं. अशा मित्रांना स्वतःलाही धोका वाढलेला असतो, म्हणून पुढचे काही महिने एकमेकांची विचारपूस करत राहणं गरजेचं असतं. कुणी "जगण्यात काही राम नाही" असं बोललं, तर ते हसण्यावारी न नेता शांतपणे, थेट विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते आणि मराठीतूनही बोलता येतं.

मित्र कशानं गेला, हे समजून घेऊन स्वतःच्या सवयी बदलणं, हीसुद्धा त्याची आठवणच. मित्र मोटारसायकलवरून पडून गेला असेल, तर हेल्मेट. दर्जेदार अभ्यास एकत्र केले असता हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो, असं आढळलं आहे. हृदयविकारानं चाळिशीत गेला असेल, तर बॅचमधल्या प्रत्येकानं रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. मेळाव्याच्या दिवशी सकाळी एक तपासणी शिबिर ठेवलं, तर त्या दोन मिनिटांच्या श्रद्धांजलीला वेगळाच अर्थ येईल.

आईला माहीत नसलेली वर्षं

मित्रासाठी काय करावं, असं विचारणाऱ्यांना लिहून काढा, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या नंतर कमी झाल्या होत्या. मात्र जवळचं माणूस गेलेल्यांवर पुढे झालेल्या अभ्यासांत असा फायदा ठामपणे दिसला नाही. ज्याला लिहावंसं वाटतं त्यानं लिहावं. ज्याला बोलायचं नाही, त्याला बळजबरीनं बोलतं करू नये.

एक गोष्ट मात्र मित्रांशिवाय दुसरं कुणीच करू शकत नाही. तरुण वयात गेलेल्या माणसाच्या आयुष्याचा हिशेब मांडला, तर सतराव्या वर्षापर्यंतचा मुलगा आईला माहीत असतो. लग्न झालं असेल, तर पुढचा माणूस बायकोला माहीत असतो. मधली चार-पाच वर्षं फक्त खोलीवरच्या मित्रांकडे असतात. तो वर्गात कुणाची नक्कल करायचा, पहिल्या पगाराची स्वप्नं कशी रंगवायचा, परीक्षेच्या रात्री घाबरून काय बडबडायचा, घरून आलेल्या डब्याबद्दल आईचं किती कौतुक करायचा, हे घरच्या कुणालाच ठाऊक नसतं. मित्र गप्प राहिले, तर ती वर्षं त्यांच्याबरोबरच संपतात.

बऱ्याच मित्रांना त्या घरी जायची भीती वाटते. आपल्याला पाहून माउलीची जखम पुन्हा उघडेल, असं वाटतं. पण जखम तिथं असतेच. वर्षं उलटली, की मुलाचं नाव घेणारी माणसं कमी होत जातात आणि ते कमी होणंही आईला जाणवत असतं. त्यामुळे मेळाव्यानंतर दोघा-तिघांनी वाट वाकडी करून त्या घरी जावं. "मावशी, ओळखलं का? मी त्याच्या खोलीवर होतो," एवढं म्हणून बसावं. तिची इच्छा दिसली, तर एखादी गंमत सांगावी. तिला आजवर माहीत नसलेली. जुना ग्रुप फोटो मोबाइलमध्ये असेल, तर तिच्या हातात द्यावा.

ती कदाचित रडेल, कदाचित हसेल, बहुधा दोन्ही करेल. मग पदरानं डोळे पुसून म्हणेल, "चहा टाकते, बसा." आणि चहा होईपर्यंत आतून विचारेल, "अजून काय काय करायचा रे तो?"